यशवंतचा वाटा

नाईक यशवंत राव याच्या वाट्याची रम मी तो गेल्यावरही सहा वर्षं प्यायलो. त्यामागचं आजवर कुणाला सांगितलेलं नाही.

तो बेंगळुरूच्या जुन्या मराठी घरातला. मी साताऱ्याकडचा, सिग्नल्समध्ये हवालदार. उंचावरच्या एका पोस्टवर टेलिफोन लाइन चालू ठेवणं हे आमचं काम. हिवाळ्यात रोज १७०० ला, म्हणजे संध्याकाळी पाचला, हजेरीची गिनती, मग रम इश्यू. यशवंत पीत नसे. तरी रांगेत उभा राहून आपला मग भरून घेई आणि माझ्या मगात ओती.

"घ्या दादा, तुमची संध्याकाळची पूजा."

घरच्या पत्रातही त्याने हे गमतीने लिहिलं होतं.

तो गेला त्याच्या पुढच्या वर्षी मी पेन्शनवर आलो. बेंगळुरूत एका कारखान्यात सिक्युरिटी सुपरवायझर झालो, जे. पी. नगरला खोली घेतली. यशवंतची बायको सरोजक्का बनशंकरीला राहायची. मिलिटरी कॅन्टीनच्या कार्डावर तिला रमची बाटली मिळे. दर महिन्याला ती मला आणून देई.

"त्यांचा वाटा तुमचाच की, अण्णा."

मी मान खाली घालून घेई. पण घेई.

चौऱ्याण्णव साली यशवंतच्या श्राद्धाला मी ११०० ला तिच्या घरी पोचलो. पानं मांडली होती. फोटोला हार अजून घातला नव्हता आणि माझा हात तिने माझ्यासाठी आणून ठेवलेल्या बाटलीकडे गेला. ओतताना रम केळीच्या पानावर सांडली. सरोजक्काने पान उचललं, दुसरं मांडलं.

पुढच्या महिन्यात ती आली ती रिकाम्या हाताने. एक चिठ्ठी दिली. मल्लेश्वरम, शाळेची इमारत, दारू सोडणाऱ्यांची बैठक, गुरुवार, साडेसहा.

"त्यांचा वाटा बंद. इथे जावा. माझा मामेभाऊ इथेच सुधारला."

मी गेलो. म्हणजे रेकी केली. तीन गुरुवार १८०० ला पोचलो, समोरच्या फुटपाथवरून येरझाऱ्या घातल्या, कोण आत जातं ते मोजलं आणि १८२५ ला परतलो. तिला सांगितलं, जाऊन आलो.

"खोली कुठे आहे हो तिथली?"

"खालीच. फाटकातून शिरलं की डावीकडे."

"वर आहे, अण्णा. मी बघून आले होते."

चौथ्या गुरुवारी ती बसमध्ये माझ्या शेजारी बसली. शाळेच्या पायरीवर पिशवी ठेवून म्हणाली, "मी इथेच आहे. तुम्ही वर चढा."

वर पोरांचा वर्ग. बाकं इतकी बुटकी की गुडघे छातीला लागत. चौदा माणसं. दोन दारं, चार खिडक्या. माझी पाळी आली तसा मी सावधानमध्ये उभा राहिलो आणि नंबर, रँक, नाव सांगितलं.

समोरचा रिक्षावाला कृष्णप्पा हसला. "नंबर बेडा, सार. नाव साकु. इदर सब सिपाही. सब हारा हुआ."

नंबर नको, नाव पुरे, एवढं कानडी मला कळत होतं. सगळे हसले. मीही हसलो. मग म्हणालो, "मोहिते. मी दारुडा आहे." आणि बसलो.

खाली सरोजक्काने विचारलं, "काय सांगितलंत?"

"नाव."

"सरी, बरं. पुढच्या गुरुवारी आणखी स्वल्प सांगा."

तेव्हापासून चार वर्षं झाली. मधे दोनदा घसरलो, दोन्ही वेळा परत गेलो. शेवटचा थेंब घेऊन अडीच वर्षं झाली. त्या खोलीत मी नोकरीचं सांगितलं, बायको माहेरी निघून गेली ते सांगितलं. एक गोष्ट मात्र दर गुरुवारी जिना चढताना तोंडात असते आणि उतरतानाही तोंडातच असते.

यशवंत गेला ती संध्याकाळ जानेवारीची. १७४० ला पुढच्या पोस्टची लाइन मेली. कंपनी कमांडर म्हणाले, "मोहिते, लाइन पार्टी. अभी."

"सर."

त्या आठवड्यात लाइन दुरुस्तीची पार्टी न्यायची पाळी माझी होती. पोटात माझा पेग होता, यशवंतचा होता आणि आदल्या दिवसाचा लपवून ठेवलेलाही होता. बूट बांधायला वाकलो तर उठता येईना.

"यशवंत, तू जा."

"दादा, पाळी तुमची."

"ऑर्डर आहे."

त्याने पक्कड घेतली, वायरचं रीळ पाठीला लावलं. सोबत एक नवा जवान. १८१५ ला लाइनवर त्याचा आवाज आला. "दादा, जोड मिळाली. चेक करा."

"ओके. लौटो."

१८३० च्या सुमारास उतारावरून बर्फ सुटलं. जवान बाजूला फेकला गेला, वाचला. यशवंत दुसऱ्या दिवशी ११२० ला सापडला. लाइन मात्र चालू होती. त्याच्याच जोडणीवरून मी पुढच्या पोस्टला खबर दिली.

चौकशीत मी म्हणालो, पाळी त्याची होती. नवा जवान गप्प राहिला. सरोजक्कालाही मी पत्रात तेच लिहिलं. ते पत्र तिने फोटोच्या मागे जपून ठेवलं आहे.

यशवंत लाइनवर चालताना शीळ घालायचा. हातमोजे काढून जोड बांधायचा, म्हणायचा, तारेला बोट कळतं. मी पाहिलेला सर्वांत चांगला लाइनमन. वय एकोणतीस.

उद्या गुरुवार आहे. सरोजक्का अजूनही महिन्यातून एकदा येते, पायरीवर बसते, विचारते, काय सांगितलंत. त्या संध्याकाळची पाळी माझी होती आणि मी प्यायलेलो होतो, एवढं तिला तोंडाने सांगणं माझ्याकडे बाकी आहे.