आई पाहुण्यांत बसली

चाळिसाव्या वाढदिवसाला मी मैत्रिणींना घरी बोलावलं आणि गॅस पेटवायचाच नाही असं ठरवलं. मोठ्या लाकडी फळीवर चीजचे तुकडे, चिकन सलामीच्या चकत्या, द्राक्षं, ओले अंजीर, अक्रोड असं मांडत गेले. आई शेजारी उभी राहून बघत होती.

"गरम काहीच नाही? निदान भजी तरी तळते."

"आज काही तळायचं नाही. तू बाहेर बसायचंस."

घरी पाहुणे आले की आईला मी कायम कढईपाशीच पाहिलं होतं. बाहेर हशा पिकला की ती आतून विचारायची, "काय झालं गं?" आणि उत्तराची वाट न बघता पुढची पुरी सोडायची.

मैत्रिणी आल्या तशी ती सोफ्याच्या कडेला अवघडून बसली. दोनदा उठायला लागली, दोन्ही वेळा मी हात धरून बसवलं. मग चीज चघळता चघळता तिनं कॉलेजच्या नाटकात राजा झाल्याचं सांगितलं. ऐन दरबारात मिशी गळून पडली, तर ही प्रधानावर ओरडली, "उचल! आजपासून राज्य तुझं!"

आम्ही पोट धरून हसलो. हे मला ठाऊकच नव्हतं. आमच्या घरातलं सगळ्यात गमतीदार माणूस इतकी वर्षं आत पुऱ्या तळत होतं.