गेले सातशे, सापडले सातशे चौसष्ट

तो अर्ज मी अजून विसरलेलो नाही. तीस वर्षांच्या नोकरीत खून पाहिले, दरोडे पाहिले, पण डोकं धरून बसायची वेळ माझ्यावर आणली ती सोलापुरातल्या एका पत्र्याच्या डब्याने. बहात्तरचा दुष्काळ सरून दोन-तीन वर्षं झाली होती. मी शहरातल्या एका ठाण्यात फौजदार होतो, खात्यात नवा होतो आणि आपल्याला माणसं कळतात असा माझा पक्का समज होता.

दुपारी बाराच्या सुमारास एक अख्खं कुटुंब ठाण्यात आलं. बाप पन्नाशीचा, मिलमध्ये कामाला. त्याची बायको घरी कडक भाकरी आणि शेंगाचटणी करून खाणावळींना विकायची. मुलगा सात रस्त्याजवळच्या एका ट्रान्सपोर्टच्या कचेरीत कारकून. त्याची बायको, म्हणजे घरातली सून, दाराशी खाली मान घालून उभी होती. लग्नाला दीड वर्ष झालेलं, माहेर दुधनीकडचं. या घरातही कानडी बोलली जायची, पण सुनेला मराठी जेमतेमच येत होती.

तक्रार अशी की, धाकट्या मुलीचं लग्न वैशाखात ठरलं होतं आणि त्यासाठी साठवलेले पैसे चोरीला गेले होते. देवघराखाली कुलपाचा पत्र्याचा डबा होता. पगाराच्या दिवशी बाप आणि मुलगा, आणि चटणीचे पैसे आले की आई, सगळ्यांदेखत त्यात रक्कम टाकायचे. दोन वर्षांत नऊशे रुपये जमले होते. भांड्यांची ऑर्डर द्यायची म्हणून त्या सकाळी डबा उघडला, तर आत दोनशेच. कुलूप शाबूत होतं. किल्ली देवाच्या तसबिरीमागे असायची आणि ते घरातल्या सगळ्यांना ठाऊक होतं.

मी विचारलं, शेवटचं कधी मोजलं होतं? तिघेही माझ्याकडे असे बघू लागले की जणू मी काही वावगं बोललो. देवापुढं ठेवलेला लग्नाचा पैसा मोजायचा नसतो, मोजला की बरकत जाते, असं त्यांच्याकडे मानत. मग नऊशे कशावरून म्हणता? त्यावर बाप म्हणाला, "टाकताना मोजूनच टाकतो की, साहेब." आत किती पडले हे त्यांना पै-पैने माहीत होतं. आत किती आहेत हे दोन वर्षांत कुणीच पाहिलं नव्हतं.

संशय कुणावर, हे विचारावंच लागलं नाही. सासू म्हणाली, "घरात परकं कोन हाय, तुमीच बघा की."

घरातलाच मामला दिसत होता, म्हणून मी लगेच गुन्हा नोंदवला नाही. ठाणे डायरीत नोंद केली आणि अर्ज चौकशीवर ठेवला. दुसऱ्याच दिवशी आमच्या शिपायाने खबर आणली. कोपऱ्यावरच्या पानपट्टीवाल्याने त्याला सांगितलं होतं, की ही सून रोज दुपारी, सासू भाकरी पोचवायला गेली की, दोन घरं सोडून राहणाऱ्या एका तेलुगू बाईकडे जाते आणि शनिवारी तिथून पदराखाली काहीतरी लपवून बाहेर पडते. मला वाटलं, झालं. डब्यातले पैसे शेजारणीकडे ठेवते आणि लागतील तसे आणते. इतकं सोपं प्रकरण मी वर्षभरात पाहिलं नव्हतं.

तेव्हा आमच्या ठाण्यात महिला पोलीस नव्हती, म्हणून चौकशी तिच्या घरीच केली. गल्लीतली एक वयस्क बाई शेजारी बसवली आणि कानडी समजणारे आमचे म्हातारे हवालदार दुभाष्या म्हणून घेतले. तासभर विचारलं. शेजारणीकडे का जातेस? उत्तर नाही. पदराखाली काय असतं? उत्तर नाही. तिने उलट हवालदारांना एकच विचारलं, की हे मला माहेरी धाडतील का? तिची पेटी सासूने आदल्या दिवशीच बांधून पडवीत ठेवली होती. नवरा उंबऱ्यावर बसून नखं बघत होता. चोर ठरून बाप-भावापुढे उभं राहावं लागलं असतं, तर त्या मुलीला दुसरं घर नव्हतं.

मी गल्लीतले दोन पंच बोलावले आणि झडती घेतली. तिच्या अंथरुणात, जुन्या चोळीच्या तुकड्यात गाठ मारलेले पैसे निघाले. सासू शांतपणे म्हणाली, "सापडलं." मी मोजले. चौसष्ट रुपये, सगळ्या एक-दोनच्या नोटा आणि सुटी नाणी. बाप-लेकांचा पगार दहा-दहाच्या नोटांत यायचा. आणि सातशे कुठे, चौसष्ट कुठे?

मी म्हटलं, आता सगळं घर बघू. त्याबरोबर तिघांचेही चेहरे पडले. बापाला एकदम मिलच्या पाळीची आठवण झाली. ज्वारीच्या पिंपात हात घातला, तर तळाशी फडक्यात तीनशे रुपये निघाले. सासू म्हणाली, ते माझे. खुंटीवरच्या जुन्या छत्रीच्या घडीत अडीचशे निघाले. बाप म्हणाला, ते माझे. मुलाच्या सायकलच्या सीटखाली दीडशे निघाले आणि ते अर्थातच मुलाचे होते. दोघे पंच तोंडाला रुमाल लावून हसत होते. चोरीचा माल पुरता मिळत नाही हा पोलिसाचा नेहमीचा अनुभव. इथे चोरीला गेले होते सातशे आणि मिळाले होते सातशे चौसष्ट. असल्या गुन्ह्याला कलम कोणतं लावायचं, हे मला कुणी शिकवलं नव्हतं.

तिघांना ठाण्यात आणून वेगवेगळं बसवलं. आधी मुलगा फुटला. डब्यात पैसे टाकायचे आणि आठ दिवसांनी त्यातले थोडे हळूच काढून घ्यायचे, असं तो वर्षभर करत होता. उधळायला नव्हे. तो म्हणाला, "आमच्या बाच्या हाताला भोक हाय, साहेब. कुनी रडत आलं की दिलंच. म्हनून लग्नासाठी बाजूला ठिवलं." आईला भीती होती की नवरा आणि मुलगा मिळून लग्नात बॅन्ड लावतील आणि ऐन वेळी भांड्यांना पैसे उरणार नाहीत. बापाचं म्हणणं, बायको भावाला देऊन बसेल. तिघेही एकाच लग्नासाठी, एकाच डब्यातून, एकमेकांपासून पैसे वाचवत होते. मोजायचं नाही म्हटल्यावर कळणार कुणाला? मी कागदावर बेरीज मांडली. तीनशे, अडीचशे आणि दीडशे, बरोबर सातशे. पुन्हा मांडली, तरी तेवढीच आली. म्हणजे सुनेचे चौसष्ट डब्यातले नव्हतेच.

मग ते आले कुठून? संध्याकाळी त्या तेलुगू शेजारणीला विचारलं. ती विडी कामगार होती. तिने सरळ सांगून टाकलं, की पोरगी रोज दुपारी माझ्याकडे बसून माझ्या कारखान्याच्या कार्डावर, माझ्याच नावाने विड्या वळते आणि शनिवारी मी तिची मजुरी देते. सासरी कळलं तर मिलवाल्याच्या सुनेने विड्या वळल्या म्हणून इभ्रत जाईल, म्हणून गुपचूप. आठ महिन्यांचे ते पैसे होते. कशासाठी? तर दीड वर्षात ती एकदाही माहेरी गेली नव्हती. दर खेपेला सासू म्हणायची, लग्न काढलंय, गाडीभाड्याला, आहेराला पैसे कुठले.

दुसऱ्या दिवशी मी सगळ्यांना त्यांच्याच घरी एकत्र बसवलं, सापडलेले सगळे पैसे चटईवर मांडले आणि तिघांची करणी तिघांसमोर सांगितली. कुणी कुणाकडे बघेना. मग सासूने विचारलं, "आन् ह्ये चौसष्ट?"

मी गोंधळलो. खरं सांगावं तर सुनेचं गुपित फुटणार, न सांगावं तर ती चोरच राहणार. मी शब्द जुळवत होतो तेवढ्यात सूनच पुढे झाली. "इदु नंद री," ती म्हणाली. माझे आहेत ते. आणि मग मोडक्या मराठीत, "विड्या वळल्या."

मला वाटलं, आता भडका उडणार. तसं काही झालं नाही. सासूने तिची पेटी पडवीतून उचलून आत नेली, म्हणजे माहेरी धाडणं टळलं. मला बरं वाटलं. मग सासू परत आली, चटईवरचे सातशे रुपये डब्यात घातले आणि त्यावर ते चौसष्टही घातले. "घरचंच की ते," ती म्हणाली. तिच्या बोलण्यात राग नव्हता. बापाने मान डोलावली. नवऱ्याने डब्याला कुलूप लावलं.

सून हवालदारांना हलक्या आवाजात काहीतरी म्हणाली. हवालदार माझ्याकडे वळले. "साहेब, ती इचारतीय, आता ह्ये चोरी न्हाय का?"

मी टोपी डोक्यावर ठेवली आणि म्हणालो, घरातल्या गोष्टी घरात मिटवा.

बापाला मी बजावलं, की डबा बंद करा आणि पोस्टात नवरा-बायको दोघांच्या नावाने खातं काढा, दोघांच्या सह्यांशिवाय पैसा निघणार नाही असं. पुस्तकातला पैसा कितीही वेळा मोजला तरी बरकत जात नाही, उलट व्याज येतं. त्याने ते ऐकलं, असं मागून हवालदारांकडून कळलं. पुढे अनेक घरांत मी हेच सांगत आलो: सामायिक पैसा महिन्यातून एकदा सगळ्यांसमोर मोजा, मात्र घरातल्या प्रत्येक कष्ट करणाऱ्या हाताला थोडा पैसा असा असू द्या, की ज्याचा हिशेब कुणी विचारणार नाही. तो नसेल, तर माणसं स्वतःच्याच घरात हात मारायला लागतात. मीही त्या महिन्याच्या पगारापासून बायकोच्या हातावर काही रक्कम ठेवू लागलो. ती तिने कुठे ठेवली, कशाला खर्चली, मी कधी विचारलं नाही. विचारलं असतं तरी सांगितलं नसतं म्हणा.

चौकशीचा अहवाल मी दोन ओळींत लिहिला. घरातील रक्कम घरातच मिळून आली, चोरी झालेली नाही, अर्ज निकाली काढावा. वरिष्ठांनी तो मान्य केला. नोकरीत माझ्या हातून जी काही खोटी वाक्यं लिहिली गेली असतील, त्यांत हे मला सगळ्यात जास्त सलतं. चोरी झाली होती, दिवसाढवळ्या, माझ्या आणि हवालदारांच्या डोळ्यांदेखत. कायद्याने मला काहीच करता येत नव्हतं, हे खरं. पण तिने विचारलं तेव्हा निदान "होय" एवढं तरी मी म्हणायला हवं होतं.