यादीवाल्या सरांच्या टिपा

कुठल्याही पुस्तकाचं नाव घेतलं की यादीवाले सर पहिला प्रश्न एकच विचारायचे, "डोयानं पाह्यलं काय?" आपण म्हणावं, सर, या पुस्तकाचा उल्लेख मला एका प्रबंधात सापडला. झालं! चष्मा कपाळावर चढायचा. "उल्लेख कोनीबी करते, पोरी. पुस्तक कोनाच्या घरी हाये ते सांग." मला त्यांचा असा राग यायचा म्हणून सांगू! आधीच पीएच.डी.ची घाई, त्यात हे घरोघर हिंडणं कुणी सांगितलंय?

सर अमरावतीच्या एका जुन्या कॉलेजात ग्रंथपाल होते. वऱ्हाडात छापलेली पुस्तकं, पुस्तिका, बंद पडलेली मासिकं, या सगळ्यांची संदर्भसूची करायचा त्यांनी ध्यास घेतला होता. निवृत्त झाल्यावरही कॉलेजने त्यांना ग्रंथालयातला एक कोपरा आणि एक जुनाट संगणक वापरू दिला. 'संदर्भसूची' म्हणण्याचा धीर कुणाला नव्हता, म्हणून ती 'यादी' आणि ते 'यादीवाले सर'. मी अकोल्याहून आठवड्यातून दोनदा यायचे, बडनेऱ्याला उतरून ऑटो करायचे आणि त्यांच्यासमोरच्या खुर्चीत बसायचे. मी नसले की ती खुर्ची रिकामीच असते, हे मला तिथल्या शिपायाने सांगितलं.

यादीतल्या प्रत्येक नोंदीखाली सरांची टीप असायची. लेखक, साल, छापखाना हे तर सगळेच लिहितात. सर त्याखाली लिहायचे, 'रिद्धपूरच्या अलीकडच्या गावात, निवृत्त गुरुजींकडे, ज्वारीच्या कोठीवर. पाने अकरा ते चौदा नाहीत. सूनबाई रद्दीत देणार होत्या, हात जोडून थांबवले. भरीत उत्तम.' आता संदर्भसूचीत भरीत कशाला हवं हो? मी हसत हसत विचारलं. ते हसले नाहीत. "तुही काकू होती तवा संध्याकाळी घरी जाऊन तिले सांगत होतो, कुठं गेलो, कोन भेटलं. आता कोनाले सांगू? म्हनून इथं लिहितो." त्यानंतर मी भरिताची चेष्टा केली नाही.

अधूनमधून कुणा संशोधकाची मेल यायची, सर, तुमची यादी पाठवा. अशी यादी पाठवायची म्हणजे संगणकातून तिची फाइल काढावी लागते आणि त्या फाइलीचे प्रकार अनेक. कुणाच्या सॉफ्टवेअरला आरआयएस चालते, कुणाला बिबटेक्स, कुणाला तक्ता हवा, कुणाला साधा मजकूर. सर न विचारता चारही काढून पाठवायचे. "कोनाच्या पोटाले काय सोसते, आपल्याले काय मालूम?" टिपा मात्र ते बाहेर देत नसत, कारण त्यात लोकांच्या घरचे पत्ते होते. फाइल काढताना जी खिडकी उघडते, तिच्यात 'टिपांसह' असा एक छोटा चौकोन असतो. तो ते रिकामाच ठेवायचे. पाठवून झालं की चार दिवस मेल उघडून बघत बसायचे. पोचल्याचं उत्तर फार क्वचित यायचं. "नसन भेटली त्याले," असं म्हणून पुन्हा चारही फाइली पाठवायचे. मला तेव्हा गंमत वाटायची. मेली कसली गंमत!

मग एका उन्हाळ्यात सर न्हाणीत घसरून पडले. मांडीचं हाड मोडलं आणि मुलगा त्यांना पुण्याला घेऊन गेला. इकडे कॉलेजात नवे संगणक यायचे होते, जुने पुसून देऊन टाकणार होते. सरांचा फोन आला. "पोरी, यादी काढून घे. चारही प्रकारात घे. अन् टिपांच्या चौकोनात खून कर, तेवढं इसरू नको."

मी गेले. तोवर मी अकोल्यात शिकवायला लागले होते. घरी पेपरांचे गठ्ठे पडले होते आणि बडनेऱ्याहून गाडी पाऊण तासात होती. म्हटलं, चार कशाला? एक घेऊ, बाकीच्या त्यातून कधीही करता येतात. मोठी शहाणी ना मी! बटन दाबलं, खिडकी उघडली, घाईघाईत 'ठीक' दाबलं आणि पेन ड्राइव्ह पर्समध्ये टाकून पळाले. चौकोनाकडे पाहिलंसुद्धा नाही. महिन्याभराने फाइल उघडली, तर लेखक, साल, छापखाना सगळं जागच्या जागी, आणि टीप एकही नाही. कॉलेजात फोन केला, संगणक पुसून केव्हाच गेला होता. संगणकाआधीची सरांची हस्तलिखित कार्डं तर वाळवीने आधीच संपवली होती. त्या दिवशी मी दार लावून रडले.

रविवारी दुपारी सरांचा फोन. "टिपा आल्या ना?"

"आल्या, सर." तोंडातून निघून गेलं.

"वाच बरं. पहिलीच वाच."

पहिली नोंद अकोल्याच्या एका वकिलांच्या पुस्तिकेची होती. मी दिलं ठोकून, "वकिलांच्या नातवाकडे, कपाटात. प्रत चांगली. चहा दिला."

मग सर म्हणाले, "हं. त्यात थोडी दुरुस्ती हाये. लिहून घे." नातू नव्हे, विधवा सून. कपाट नव्हे, देवघरामागची पेटी. चहा नव्हे, ताक. मी निमूटपणे लिहून घेतलं. त्या दुपारी दहा नोंदींची 'दुरुस्ती' झाली. पुढच्या रविवारी आणखी दहा. मधे मधे सर पुण्याचं सांगायचे. "सोयाव्या मजल्यावर राह्यतो. शेजारचा मानूस लिफ्टमधी भेटते, पन तो फोनात पाह्यते. तुमी कुठचे, असं अजून कोनी इचारलं नाई."

असे चार-पाच महिने गेले. एका रविवारी मला ते सोसवेना. मी म्हटलं, "सर, थांबा. ही दुरुस्ती नाहीये. टिपा गेल्या सगळ्या. माझ्यामुळे गेल्या आणि मी खोटं बोलले तुमच्याशी."

"मालूम हाये."

"कधीपासून?"

"तू चहा म्हनलं तवापासून. त्या घरी चहा कोनी पेतच नाई."

"मग बोलला का नाहीत? चार शिव्या द्यायच्या होत्या मला!"

"देल्या असत्या वं माय. पन मंग लाजेपायी तू फोन उचलला नसता. अन् रविवारी मी कोनाशी बोललो असतो?"

मग तेच म्हणाले, "चाल, लिही. कितवी होती?"

"एकशे एक्क्याण्णव," मी कशीबशी म्हणाले.

त्यानंतर त्यांनी एकदाही तो विषय काढला नाही, एकही रविवार चुकवला नाही. शेवटच्या रविवारी त्यांना दम लागत होता. एकच टीप सांगून झाली, चारशे अकरावी. "बाकीच्या पुढच्या रविवारी," म्हणाले. बुधवारी त्याच नंबरवरून फोन आला. मुलाचा आवाज होता. "तुम्ही त्या रविवारच्या ताई ना? बाबा गेले."

चारशे बारावी नोंद एका मासिकाची आहे. नाव आहे, साल आहे, छापखाना आहे. ते मासिक या वऱ्हाडात कुठल्यातरी घरी, कुठल्यातरी पेटीत नाहीतर कोठीवर आजही पडलेलं असेल. सरांनी ते हातात घेऊन पाहिलं होतं. कुठलं घर, ते मला पुढच्या रविवारी सांगणार होते.