अक्काचा सोनटक्का

माझी थोरली जाऊ बेबाबाई. तिला मी अक्का म्हणायची. लग्नाला चौदा वर्षं झाली तरी तिला मूलबाळ नव्हतं, आणि आमच्या सासूबाईंनी ठरवूनच टाकलं होतं की हिच्या हाताला यश नाही. मिरचीचं बी टाकायचं असो की दारात वाल लावायचा असो, "तू राहू दे, सुनंदा टाकीन." सुनंदा म्हणजे मी. मला भारी राग यायचा. मला दोन पोरं झाली म्हणून माझ्या हातात काय शेणखत भरलेलं होतं?

शहाऐंशी सालच्या पावसाळ्यात अक्का भुसावळला मावसबहिणीकडे गेली, ताईबाईकडे. रेल्वेच्या क्वार्टरमागे ताईबाईने सोनटक्का लावलेला. त्याचा एक गड्डा अक्काने पदरात बांधून आणला. आधी अंगणात लावला, तर ऊन लागून पानं करपली. सोनटक्क्याला सावली हवी, पायाशी ओल हवी. मग तिने तो मोरीमागे, भिंतीच्या सावलीत हलवला.

"हे एक फुललं ना सुनंदा," ती मला म्हणाली, "मग पाहीन कोण माह्या हाताले नाव ठेवते ते."

पण फुलेल तर ना. झाड जगलं, हिरवंगार राहिलं, पण एकच दांडा उभा. वैशाखात त्याचा शेंडा करपायचा आणि तो तसाच मुका राहायचा. अक्काने काही करायचं बाकी ठेवलं नाही. शेणखत झालं, ताक झालं, चहाचा चोथा झाला. भिंत तापते म्हणून भिंतीला ओलं गोणपाट बांधलं. मीही रोज जाऊन पाहायची. एवढी सावली, एवढं पाणी, मग याला हवंय तरी काय? सासूबाई मोरीशी यायच्या, झाडाकडे पाहायच्या आणि नुसतं "हं" म्हणायच्या. त्यापेक्षा शिवी बरी.

अशी तीन वर्षं गेली. चौथ्या वर्षी आषाढ लागला तेव्हा अक्का म्हणाली, "यंदा शेवटचं. नाही आलं फूल तर उपटून उकिरड्यावर टाकते. खरंच असीन माह्या हातात काही." हे ती रडत म्हणाली असती तर मी समजूत घातली असती. ती भाकरी थापता थापता म्हणाली.

त्याच आठवड्यात ताईबाईच्या नातवाचं बारसं होतं. अक्का कुणाच्या बारशाला जायची नाही, म्हणून तिच्याऐवजी मी भुसावळला गेले. क्वार्टरमागे पाहते तर सोनटक्क्याचं हे रान माजलेलं. चाळीसेक दांडे, एकमेकांना खेटून.

"एवढे कोंब कापत नाहीस का?" मी विचारलं.

ताईबाई माझ्या तोंडाकडे पाहतच राहिली. "कापायचे काहून? पावसाचे नवे कोंब येतात त्यांच्याच शेंड्याले फूल येतं. ते कापले तर राहिलं काय?"

आमच्या घरी ते कोंब कोण कापतं हे मी तीन वर्षं डोळ्यांनी पाहत होते.

अक्काचे मालक, म्हणजे माझे थोरले दीर, जीवरामदादा. केळीतला दर्दी माणूस. केळीच्या बुडातून पिलं फुटतात. ती वरचेवर कापावी लागतात, नाही तर घड भरत नाही. दादांचा हात त्यालाच सरावलेला. आठ-पंधरा दिवसांनी सकाळी शेतात जाण्याआधी ते विळा घेऊन मोरीमागे बसायचे, सोनटक्क्याचे सगळे नवे कोंब कापायचे आणि गाईपुढे टाकायचे. अक्का तेव्हा नळावर गेलेली असायची. मी तिथेच भांडी घासत असायची, डोक्यावर पदर, तोंड भिंतीकडे. केळीवाल्याला झाडाचं काय शिकवायचं, असं मला वाटायचं. आणि शिकवणार तरी कशी? थोरल्या दिराशी धाकट्या सुनेने बोलायचं नाही, ही आमच्याकडची रीत. काही सांगायचंच झालं तर पोराला सांगितल्यासारखं करायचं, की त्यांनी ऐकावं. दहा वर्षं एका घरात राहून मी त्यांच्याशी एक शब्द बोलले नव्हते. मी, जिला अख्खी गल्ली फटकळ म्हणते.

भुसावळहून आले त्याच्या दुसऱ्या दिवशी दादा विळा घेऊन बसले. पाच कोंब वर आले होते.

"दादा, कापू नका," मी म्हणाले. "फूल त्यांनाच येतं."

त्यांचा हात थांबला. माझ्याकडे न पाहता ते म्हणाले, "पिलं काढली तर झाड जोर धरीन, असं वाटलं मले. तिच्यासाठीच काढत होतो."

तेवढ्यात अक्का हंडा घेऊन मागे उभी. तिने विळा पाहिला, कोंब पाहिले. हंडा खाली ठेवला.

"तीन वर्षं?"

"हो."

"म्हणजे माह्या हाताचं काही नव्हतं?"

"नाही. माह्या विळ्याचं होतं."

मला वाटलं आता ती भांडेल. मी असते तर घर डोक्यावर घेतलं असतं. तिने एवढंच म्हटलं, "हेच ओट्यावर येऊन सांगा. आईंच्या पुढे."

दादा गेले. ओट्यावर सासूबाई लसूण सोलत होत्या, शेजारच्या झुंबरबाई बसल्या होत्या. एवढा मोठा बाप्या, चार गावांत केळी पाहायला ज्याला बोलावतात, तो खाली मान घालून म्हणाला, "आई, सोनटक्का मीच कापत होतो. हिच्या हाताले उगाच नाव ठेवलं आपण."

"आपण" म्हणाले ते. सासूबाई लसूण सोलतच राहिल्या, पण त्यांचं "हं" काही निघालं नाही. अक्का दारात उभी राहून सगळं ऐकत होती. पदराने तोंड पुसलं आणि मला म्हणाली, "सुनंदा, भूक लागली गं."

फुलं भाद्रपदात आली, चांगली पाच दांड्यांना. तोवर अक्काला त्यांची घाई राहिली नव्हती.