सुनेच्या कागदावरचं आडनाव

बायकोनं आणि मी मिळून केलेलं शेवटचं काम म्हणजे मेथी निवडणं. इंग्लंडात, मिल्टन कीन्सच्या आमच्या घरात, किचनच्या टेबलावर, जेवणाआधी. ती पानं खुडत होती, मी काड्या बाजूला करत होतो आणि ती मला बोलत होती.

विषय सुनेचा. सून इंग्रज. तिचे पूर्वज मूळचे फ्रान्सचे, ह्यूगनॉट म्हणतात त्यांना. तिथल्या राजाला त्यांचा धर्म खपेना, म्हणून जीव घेऊन लंडनला पळाले, रेशीम विणून जगले. त्यांचं फ्रेंच आडनाव इथल्या लोकांच्या तोंडी बसेना, ते घासून घासून इंग्रजी झालं. सुनेनं त्या आडनावाचा माग धरून चर्चच्या जुन्या नोंदवह्या पालथ्या घातल्या आणि पार त्या पळून आलेल्या माणसापर्यंत पोचली. मग तिला आमच्या बाजूची हौस आली.

आमचं आडनाव गावावरून. त्याच गावच्या, त्याच आडनावाच्या एका ब्राह्मण घराण्याचा कुलवृत्तांत तिला इंटरनेटवर सापडला. नातीसाठी काढलेल्या वंशवृक्षाच्या मोठ्या कागदावर तिनं माझ्या बापाला त्या घराण्याच्या फांदीला चिकटवलं आणि विचारलं, "बाबा, बरोबर ना?"

मी म्हणालो, "यस, यस."

खरं म्हणजे आमचं जुनं आडनाव वेगळं. त्यावरून जात कळायची. ते ऐकलं की लोक ओंजळीत वरून पाणी ओतायचे. बौद्ध झाल्यावर बापानं ते टाकलं आणि मला शाळेत घालताना गावाचं लावलं. मी चौथीपर्यंतच शिकलो, पण या नावानं शिकलो. जुनं मी मुलालासुद्धा सांगितलं नव्हतं.

"अहो, दुसऱ्याच्या बापाला बाप म्हणायला लाज नाही वाटत?" बायको म्हणाली.

"तू मेथी निवड."

"निवडतेच आहे. तुम्हीच काड्या भाजीत टाकताय. तिच्या लोकांनी धर्मापायी घरदार सोडलं, ती कशी सांगत सुटते. आणि तुम्ही तोंड शिवून बसा. मामंजी नव्हते हो असे."

"इथंही आपली माणसं आधी आडनाव विचारतात. उद्या नातीला विचारलं तर?"

"विचारू दे. निदान खोटं तरी सांगणार नाही पोरगी."

मी खुर्ची सरकवली आणि गार्डनमध्ये जाऊन बसलो. जेवताना बोललो नाही. भाजी चांगली झाली होती, तेवढंही नाही. जेवून ती जरा पडते म्हणाली. चहाच्या वेळी उठवायला गेलो, तर संपलेलं होतं सगळं. मुलगा आणि सून संध्याकाळी आले.

दुसऱ्या दिवशी सकाळी सून चहा घेऊन आली. रडून डोळे सुजले होते तिचे. मी म्हणालो, "तुझा तो कागद कुठाय?" तिला वाटलं म्हाताऱ्याचं डोकं फिरलं. पण गाडीतून घेऊन आली.

"हे लोक आमचे नाहीत," मी म्हणालो. "यांच्या विहिरीला माझ्या बापाला शिवू देत नव्हते. मला ठाऊक होतं. तरी मी यस म्हणालो."

मुलगा दारात उभा होता.

"मग खरं नाव काय, बाबा?" तिनं विचारलं.

मी सांगितलं. मुलानं ते पहिल्यांदाच ऐकलं. मग मी पेन मागून घेतलं, त्या फांदीवर आडवी रेघ मारली आणि बापाच्या नावापुढं ते जुनं आडनाव माझ्या हातानं, मराठीत लिहिलं.