अक्काचा नवा चष्मा

मंडळी, आज अक्काचा नवा चष्मा आणला. अक्का माझी मोठी बहीण, अंथरुणाला खिळलेली. तिला ऐकू येत नाही, आमचे ओठ बघून ती बोलणं ओळखते. जुना चष्मा माझ्याच पायाखाली फुटला.

दिघीतला दुकानदार म्हणाला होता, "काका, पेशंटला आणा. फुटक्या काचेवरून फक्त जुना नंबर कळतो." तिसऱ्या मजल्यावरून तिला कसं नेणार? जुन्याच नंबरचा करून घेतला.

दुपारी तिला चष्मा घातला. अगदी तिच्या तोंडासमोर जाऊन विचारलं, "अक्का, दिसतंय का?"

ती बघत राहिली. मग म्हणाली, "अरे, गप्प का बसलास? बोल की."

मी बोलतच होतो.

आपल्या भागात घरी येऊन डोळे तपासणारं कोणी आहे का? चष्म्यानं काही होईल असं आता वाटत नाही, तरी विचारतो.