‘जातो’ न म्हणणारा माणूस

तो शेवटचं काय बोलला, हे मी विचारणाऱ्या प्रत्येकाला सांगितलं. त्याचा अर्थ काय होता, हे मात्र आजवर कुणालाही सांगितलेलं नाही. बायकोलासुद्धा नाही.

अशुभ शब्द कानावर पडला की तो दोन्ही कानांच्या पाळ्यांना हात लावायचा. सोलापुरात मिलच्या कापड दुकानात आम्ही शेजारीशेजारी उभे असायचो. तो चादरी उलगडून दाखवायचा, मी पावत्या फाडायचो. गिऱ्हाइकानं मागितलेली चादर शिल्लक नसली तरी ‘संपली’ म्हणायला त्याची जीभ वळायची नाही.

“वाढली बगा, ताई. सोमवारी येतीय नवी.”

संध्याकाळी मी ‘बंद करू या’ म्हटलं की हात कानाला. “आरं, दुकान वाढवू म्हन की! वास्तू तथास्तु म्हनती.”

अशी माणसं तुमच्याही पाहण्यात असतील. पण इतक्या कसोशीनं पाळणारा मी दुसरा पाहिला नाही. घरी निघाला तरी ‘येतो’, केमला, आपल्या गावी, निघाला तरी ‘येतो’. एकदा मिलमधून काढलेला एक मुकादम तावातावानं ‘जातो आता!’ म्हणत निघाला. ह्यानं फाटकात त्याचा हात धरला आणि ‘येतो’ म्हणायला लावलं. मुकादम शिव्या देत, हसत, ‘येतो’ म्हणून गेला.

बहात्तरचा दुष्काळ सरून दोनतीन पावसाळे झाले होते. हिमालयाचं खूळ मी आणलं. पाठीवर बिऱ्हाड घेऊन तुकडीनं डोंगर चालायचे आणि शेवटी एक उंच खिंड ओलांडायची. त्याला मीच ओढला. सोलापुरात चढ कुठला? आम्ही पाठीवर ज्वारीचं पोतं बांधून रेल्वेच्या पुलावर वरखाली करायचो. टांगेवाले ओरडायचे, “गिरणी तिकडं हाय की वो!”

“दळान न्हाय,” तो निवांत सांगायचा, “हिमालय हाय.”

वहिनींना, म्हणजे त्याच्या बायकोला, हे पसंत नव्हतं. कडेवर मुलगी घेऊन त्या दारात उभ्या होत्या. “भावजी, ह्यांना जिना चढला तरी धाप लागती. तुमच्या भरवशावर सोडतीय.”

“आणतो की नीट, वहिनी,” मी म्हणालो.

तुकडीत मराठी आम्ही दोघेच. वाटाड्या गढवाली. त्याचं हिंदी ह्याला उमजेना, म्हणून दुभाषा मी. सुरुवातीचे दिवस मजेत गेले. ह्यानं साऱ्या तुकडीला शेंगाच्या चटणीची चटक लावली. डबा रिकामा झाला तेव्हा ह्यानं स्वतःच जाहीर केलं, “चटनी बढ गई!” सगळ्यांनी ताटल्या पुढं केल्या. आम्ही पोट धरून हसलो.

खिंडीच्या दिवशी वाटाड्यानं बजावलं : कुणीही एकट्यानं मागं फिरायचं नाही. एक फिरला तर सगळे फिरतील.

अर्ध्या चढावर त्याचं डोकं ठणकायला लागलं. मग तो ओकला. बाकीचे वर पोचत आले होते, मागं मी आणि तो. खिंड समोर दिसत होती. तो एका दगडावर बसला. ओठ निळे पडले होते.

“बास झालं, राव,” तो म्हणाला. “तू हो फुडं.”

तो उठला, उताराकडं तोंड केलं आणि म्हणाला, “येतो.”

मला कळलं. दुसऱ्या कुणाला कळलं नसतं, मला कळलं. तो निरोप घेत होता, माघारी खाली निघाला होता.

मी वर चढत राहिलो. वाटाड्यानं विचारलं, “साथी कहाँ है? क्या बोला?”

“आता हूँ, बोला.”

शब्दाला शब्द बरोबर होता. खोटं पकडायला तिथं मराठी कळणारं कुणी नव्हतं. मला खिंड हवी होती, बस्स. त्याच्यापायी माघारी फिरायचं माझ्या जिवावर आलं होतं.

ढग उतरायला लागले. वाटाड्यानं त्याच्यासाठी तुकडीबरोबरचा एक हमाल खिंडीत ठेवला आणि आम्हाला पलीकडं उतरवलं. दुपारी बर्फ सुरू झालं. हमाल एकटाच आला, तेव्हा माणसं उलटी वर गेली आणि त्याला खिंडीच्या आसपास शोधत राहिली. माझ्या सांगण्याप्रमाणं तो वर येत होता ना! तेव्हा तरी मी ‘खाली बघा’ म्हणायला हवं होतं. पण मग, तुला कसं माहीत, असं कुणीतरी विचारलं असतं. मी चहाचा पेला धरून गप्प बसलो. बर्फ थांबल्यावर माणसं खालच्या मुक्कामापर्यंत जाऊन आली. तोवर पावलंही बुजली होती. तो सापडला नाही.

सोलापुरात वहिनींनी एकच विचारलं. “शेवटचं काय म्हणाले?”

“मागनं येतो म्हणाले.”

‘मागनं’ हा शब्द त्याचा नव्हता, माझा होता. नुसतं ‘येतो’ सांगितलं असतं, तर त्याच्या बायकोला ते तिथल्या तिथं कळलं असतं.

त्यांनी पोरीला जवळ ओढलं. मग म्हणाल्या, “म्हणजे धाप लागली तरी वरच चढत होते? पोरीचं तोंड आठवलं न्हाई? माघारी फिरायचं की वो, भावजी. माघारी फिरायला काय लागत होतं?”



त्यांनी त्याचा फोटो कधी लावला नाही. मुलगी विचारायची तेव्हा सांगायच्या, “आपल्यापरीस त्यांना डोंगर मोठा होता.” मुलगी हे ऐकतच मोठी झाली. तिच्या लग्नात मी पंगतीत वाढत होतो, तेव्हा तिनं नव्या सासरच्या माणसांना हेच सांगितलं. हसत सांगितलं. मी भाताचं पातेलं घेऊन पुढच्या पानाकडं सरकलो.

वहिनी आजही आमच्यापासून दोन गल्ल्या सोडून राहतात. हे लिहून झालं म्हणजे त्यांना सांगून झालं, असं होत नाही. तो माघारी फिरला होता, त्यांच्याकडंच निघाला होता, हे त्यांच्यासमोर बसून सांगण्याचं देणं मी त्यांना लागतो.